खून कुणी केला हे वस्तीला माहीत असतं

(युवकांच्या अभ्यास शिबिरात केलेलं भाषण. टिपणांवरून नंतर लिहून काढलं आहे. बोलताना घाईत सुटलेल्या दोनचार गोष्टी भरल्यात, बाकी जसं बोललो तसं.)



काल रात्री जेवणं उरकल्यावर तुमच्यातली सातआठ पोरंपोरी एका मोबाईलला डोकी लावून बसली होती. मी विचारलं, काय चाललंय रे? तर एक पोरगी म्हणाली, ‘सर, मर्डर मिस्ट्री आहे. त्यात पोलिस बाईच आहे.’ मी म्हटलं बघा, बघा. आणि मग मीही तिथंच उभ्या उभ्या पाऊण तास बघितलं. मला आज दिलेला विषय आहे ‘साहित्य आणि सामाजिक न्याय’. ह्या विषयावर मी तीस वर्षं बोलतोय आणि न्यायाच्या कानावर ते अजून गेलेलं नाही. तेव्हा तो विषय राहू द्या. आज त्या मोबाईलवरच बोलू.

आमच्या वस्तीत दोन बाबुराव वाचले जायचे. एक बाबुराव अर्नाळकर, हजाराच्या वर पुस्तकं लिहिलेला माणूस, झुंजारवाला, काळापहाडवाला. त्याची पुस्तकं भाड्याच्या लायब्ररीतून यायची. कधी पहिलं पान गेलेलं, कधी शेवटचं. शेवटचं पान गेलेलं असलं की खुनी कोण ते कळायचंच नाही, मग आम्ही पोरं नळाच्या रांगेत भांडून भांडून खुनी ठरवायचो. दुसरे बाबुराव बागूल. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हे १९६३ सालचं पुस्तक आमच्या वस्तीत इतक्या हातांतून फिरलं की त्याचंही शेवटचं पान गेलं होतं. पण तिथं भांडण व्हायचं नाही. गुन्हा कुणी केला ते पहिल्या ओळीपासून ठाऊक, आणि तरी पुस्तक खाली ठेववत नसे.

मला जे सांगायचंय ते ह्या दोन बाबुरावांच्या मधेच कुठंतरी आहे.

अर्नाळकरी कथांतली मला आठवणारी बाई एक तर तळघरात कोंडलेली असायची, नाहीतर खलनायकाच्या मोटारीत बसलेली. आजच्या थ्रिलरमध्ये ती मधोमध आलीय. तिच्यावर अत्याचार झालाय, तिला न्याय हवाय, तपासही बाईच करतेय. हे चांगलंच झालं, त्याला नाक मुरडायचं कारण नाही. २०१२ च्या डिसेंबरात दिल्लीत जे झालं त्यावर ‘दिल्ली क्राइम’ आली २०१९ साली. शेफाली शाहनं त्यातली डीसीपी अशी उभी केली की पोलिसाची चीड असलेल्या माझ्यासारख्यालाही क्षणभर वाटलं, असं एक माणूस आपल्या तालुक्याला असतं तर. २०२० साली मालिकेला आंतरराष्ट्रीय एमी मिळालं. ठीक आहे. पण बघून झाल्यावर माझी झोप गेली ती वेगळ्याच कारणानं. त्या मालिकेत सगळं ठाणं जागं आहे. बाईसाहेब घरी जात नाहीत, शिपाई उपाशी, गाड्या राज्याबाहेर पळतायत. सगळा देश रस्त्यावर आला होता म्हणून ते ठाणं जागं होतं. देश रस्त्यावर येत नाही तेव्हा ठाणं काय करतं, ह्यावर मालिका कोण काढणार?

काढली. तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर मी बेइमान ठरेन.

२०२३ च्या मे महिन्यात आठवड्याच्या अंतरानं दोन गोष्टी आल्या. एक ‘दहाड’, रीमा कागती आणि झोया अख्तर यांची आठ भागांची मालिका. दुसरी ‘कटहल’, सान्या मल्होत्राचा सिनेमा. एक काळजात कळ आणणारी, एक हसवणारी. दोन्हींत तपास करणारी बाई आपली आहे. ‘दहाड’मधली अंजली भाटी राजस्थानातल्या मांडव्याची, ‘कटहल’मधली महिमा बसोर बुंदेलखंडातली.

‘दहाड’मध्ये एक गरीब दलित माणूस ठाण्यात येतो. बहीण बेपत्ता आहे म्हणतो. पोलिसांचं उत्तर तुम्हाला पाठ आहे: गेली असेल कुणाबरोबर तरी पळून. त्याच वेळी एका ठाकुराची पोरगी मुसलमान पोरासोबत गेलीय म्हणून झेंडेवाले रस्त्यावर उतरलेत आणि सगळी यंत्रणा धावतेय. हा भाऊ ते बघतो. आणि मग तोही खोटंच सांगतो की माझीही बहीण मुसलमानाबरोबर पळाली. झालं. आता तिचाही शोध सुरू.

‘कटहल’मध्ये आमदाराच्या झाडावरचे दोन परदेशी जातीचे फणस चोरीला जातात. सगळं ठाणं फणसांच्या मागे. तिकडं माळ्याची पोरगी बेपत्ता आहे, तिच्यासाठी एक शिपाई मोकळा नाही. तेव्हा महिमा सांगून टाकते की फणस ह्या पोरीनंच चोरलेत. आता पोरगी शोधणं भागच आहे, कारण तिच्यापाशी आमदाराचे फणस आहेत.

एकाच महिन्यातल्या दोन वेगळ्या गोष्टींत एकच युक्ती. मी हसता हसता गप्प झालो. दलित पोरगी बेपत्ता झाली एवढ्यानं ह्या देशात तपास सुरू होत नाही. तिला कशाला तरी बांधावं लागतं. द्वेषाला बांधा नाहीतर फणसाला बांधा. नुसती ती पुरत नाही.

आणि हे लेखकांच्या डोक्यातून निघालेलं नुसतं कारस्थान नाही. ‘दहाड’मधल्या खुन्याची रीत ज्याच्यावरून आठवते तो मोहनकुमार कर्नाटकातला, मंगळुरूच्या बाजूचा, प्राथमिक शाळेतला मास्तर. वीस बायकांच्या खुनांचे खटले त्याच्यावर चालले. सगळ्या गरीब घरच्या, हुंड्याला पैसे नाहीत म्हणून लग्न राहिलेल्या. लग्नाचं वचन द्यायचं, दागिने घालून यायला सांगायचं, रात्र लॉजवर काढायची आणि सकाळी बसस्टँडवर, दिवस राहू नयेत म्हणून, ही गोळी संडासात जाऊन घे म्हणायचं. गोळीत सायनाईड. दार आतून बंद, आत नटलेली बाई मेलेली. एका गावात मेली, दुसऱ्या गावात मेली, प्रत्येक ठाण्यानं आपापलं प्रेत आपापल्या कागदात गुंडाळलं. २००९ साली तो पकडला गेला. तोवर कुणाला ह्या बायका एका ओळीत मांडून बघाव्याशा वाटल्या नव्हत्या. खुनी फार हुशार होता असं लिहितात. कसला हुशार? त्याला फक्त एवढंच माहीत होतं की कोणत्या बाईला कुणी शोधत नाही.

‘दहाड’मधली आणखी एक गोष्ट सांगतो, माझ्या कामाची आहे. अंजली ठाण्यात पुढून गेली की एक पोलिस उदबत्ती लावतो. काही बोलत नाही, नुसती उदबत्ती. आणि तिचं भाटी हे आडनाव बापानं घेतलेलं आहे. मूळ मेघवाल. शेवटी ती ते मूळ आडनाव परत घेते. बागुलांचा जात चोरणारा माणूस १९६३ चा. बरोबर साठ वर्षांनी, अंगात वर्दी, बुलेटवर बसलेली बाई, आणि चोरी तीच! फरक एवढाच की ती चोरीचा माल स्वतः परत करते. हा प्रसंग मी तीनदा पाहिला. (घरचे म्हणाले, म्हातारा वेडा झाला.)

पण तक्रारही आहे. अंजली एकटी आहे. महिमाही एकटीच. दलित बाई दिसते, दलित वस्ती दिसत नाही. बुद्धविहारात रात्री बैठक बसलीय, एक शिकलेला पोरगा तहसीलदाराला अर्ज लिहितोय, बाया मोर्च्याला निघताना भाकरी बांधून घेतायत, असं काहीच मला त्यात आठवत नाही. २०१९ च्या ‘आर्टिकल १५’मध्ये तर अन्यायाचा शोध लावायला ब्राह्मण आयपीएस अधिकारी आणावा लागला. मजुरीत तीन रुपये वाढवून मागितले म्हणून पोरी मारल्या, हे आपल्याला दाखवलं तेही त्याच्या डोळ्यांतून. तो सिनेमा प्रामाणिक आहे, मी नाही म्हणत नाही. पण त्याला धक्का बसतो आणि आपण त्याच्या धक्क्याकडं बघत बसतो. आपल्याला कसला धक्का बसणार? आपण तिथंच राहतो.

आता आपल्या महाराष्ट्राकडे या. नागपूरची कस्तुरबा नगर वस्ती. बहुतेक घरं आपली. अक्कू यादव नावाच्या गुंडानं तिथं दहा वर्षांहून जास्त काळ बायकांवर अत्याचार केले. १३ ऑगस्ट २००४ ला नागपूरच्या न्यायालयात, भर दुपारी, वस्तीतल्या बायकांनी तिखट आणि सुऱ्या घेऊन त्याला संपवला. पोलिसांनी काही बायका धरल्या तर बाकीच्या म्हणाल्या, सगळ्यांनाच धरा. ह्यावर २०२१ साली ‘२०० हल्ला हो’ आला, त्यात अमोल पालेकर निवृत्त दलित न्यायाधीश झालेत, रिंकू राजगुरू वस्तीतली पोरगी. २०२२ साली नेटफ्लिक्सनं माहितीपट काढला. दोन्ही बघा.

बघताना एक विचारा. ह्या गोष्टीत रहस्य कुठं आहे? गुन्हेगार कोण, हे वस्तीतल्या शेंबड्या पोराला माहीत होतं. कोणत्या घरात, कोणत्या बाईवर, सगळं माहीत. बायका ठाण्यात जात होत्या आणि तक्रार केल्याची बातमी त्यालाच पोचत होती, असं त्या बायकाच सांगतात. तेव्हा रहस्य असेल तर ते ठाण्याच्या टेबलावर आहे. कोणत्या दिवशी कोणती बाई आली, स्टेशन डायरीत काय लिहिलं, तिला एन.सी.ची पावती देऊन का वाटेला लावलं, तिचं नाव बाहेर कुणी फोडलं. खरा डिटेक्टिव्ह इथं पाठवा! पण नाही. दोनशे बायकांच्या हातातल्या सुऱ्या मोजण्यात सगळ्यांना रस. भाजी चिरायची सुरी घेऊन बाईला न्यायालयात जावं लागलं, ह्याचं कौतुक मला करवत नाही. तिथवर तिला कुणी चालवत नेलं ते मला वाचायचंय. २०१४ साली त्या खटल्यातले आरोपी पुराव्याअभावी सुटले. पुराव्याअभावी! हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा आपल्या बाजूनं पडलेला मी पाहिला.

नाहीतर हा शब्द कुणाच्या बाजूनं पडतो ते १९७२ पासून माहीत आहे. देसाईगंजच्या ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मजूर पोरीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. तीसुद्धा ठाण्यात का आली होती? एका पोराबरोबर गेली अशी भावाची तक्रार होती म्हणून. ‘पळून गेली’ हा शब्द किती जुना आहे बघा. १९७४ साली सत्र न्यायालयानं पोलिस सोडले, १९७६ साली उच्च न्यायालयानं शिक्षा दिली, १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडले. अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, आरडाओरडा केला नाही, म्हणजे संमती असणार. १९७९ साली चार कायदा शिकवणाऱ्यांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या, १९८३ साली कायदा बदलला. एका ओळीसाठी अकरा वर्षं. झटापटीच्या खुणा नाहीत, ही ती ओळ.

आणि खैरलांजी. २९ सप्टेंबर २००६. आई, मुलगी, दोन मुलगे. कुणी मारलं हे गावाला माहीत होतं, गावच तिथं होतं. पहिल्या शवविच्छेदनात इतकं राहून गेलं की प्रेतं पुन्हा उकरावी लागली. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयानं आठ जणांना दोषी धरलं, सहांना फाशी सुनावली, २०१० साली उच्च न्यायालयानं ती पंचवीस वर्षांच्या कैदेवर आणली. खून सिद्ध झाला. अत्याचार प्रतिबंधक कायदा मात्र लागला नाही. त्या कायद्यात तेव्हा शब्द होते, ती व्यक्ती अनुसूचित जातीची आहे ‘ह्या कारणावरून’ गुन्हा केला असेल तर. कारण कोण सिद्ध करणार? मारणारा कुऱ्हाडीवर कारण लिहून आणतो का? २०१५ च्या दुरुस्तीनं ते शब्द गेले आणि ‘हे माहीत असताना’ असे शब्द आले. २६ जानेवारी २०१६ पासून ते लागू आहेत. तीन शब्द. सगळी मालिका त्या तीन शब्दांवर निघेल, पण त्यात मोटारींचा पाठलाग नाही, म्हणून कुणी काढत नाही.

आता तुम्ही म्हणाल, सर, कागद कागद काय लावलंय? तर ऐका. हे मी व्यासपीठावरून आजवर बोललो नव्हतो.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. कॉलेज झालेलं, नोकरी नाही. आमच्या वस्तीतल्या एका बाईवर, मी तिला आक्का म्हणायचो, ती ज्याच्या रानात मजुरीला जायची त्याच्याच पोरानं हात टाकला. आक्का गप्प बसली नाही. दोन दिवस ठाण्याच्या ओट्यावर बसून राहिली, तेव्हा गुन्हा नोंदवला गेला. तिसऱ्या दिवशी जागेचा पंचनामा. हवालदारानं विचारलं, वस्तीत लिहितावाचता येणारा कोण? लोकांनी मला पुढं केलं. मला काय अभिमान वाटला, सांगू नका! पंच क्रमांक दोन.

रानात गेलो. ज्वारीची ताटं दीड वावभर मोडून निजलेली. बांधाशी हिरव्या बांगडीचे तुकडे. मी स्वतः बोट करून दाखवले. हवालदार मांडीवर पॅड ठेवून लिहीत होता. ऊन मी म्हणत होतं. लिहून झाल्यावर त्यानं तीन पानं पुढं केली, म्हणाला, ‘शिकलेला दिसतोस, कर सही.’ आणि मी केली. तीनही पानांवर, झोकदार. नुकतीच बसवलेली सही होती, लफ्फेदार ‘र’ काढायचो.

वाचलं नाही.

अडीच वर्षांनी कोर्टात उभा राहिलो. सरकारी वकिलानं दोन मिनिटांत उरकलं. मग त्यांचा वकील उठला. फार अदबीनं बोलला, अहोजाहो. ‘ही सही आपली?’ माझी. ‘आपण पदवीधर आहात?’ हो. ‘मग वाचूनच सही केली असेल?’ आणि त्यानं तिसऱ्या पानावरची ओळ वाचून दाखवली. घटनास्थळी पिकाची नासधूस अथवा झटापटीच्या खुणा आढळून आल्या नाहीत.

बघा, तुम्ही एवढे थ्रिलर बघता. हातमोजे घातलेले लोक चिमट्यानं केस उचलतात, पिशवीत भरतात, प्रयोगशाळेत निळा उजेड पडतो आणि पुरावा बोलायला लागतो. पुरावा बोलत नाही रे. पुरावा कुणीतरी मांडीवर पॅड ठेवून लिहितो. आणि खाली कुणीतरी सही करतो.

मला सांगता आलं असतं, साहेब, मी वाचलं नव्हतं, बांगड्या मी डोळ्यांनी पाहिल्या. पण कोर्ट भरलेलं. मागं आमची वस्ती बसलेली. वस्तीतला पहिला पदवीधर मी, आणि न वाचता सही केली असं कसं सांगू? मी म्हणालो, ‘हो, वाचून केली.’

बस. तिथं आक्काच्या बांगड्या गायब झाल्या. संशयाचा फायदा देऊन पोरगा सुटला. मी एकटाच कारण होतो असं नाही, तपासात आणखीही बरंच मेलेलं होतं. पण ते माझं समाधान. बाहेर पिंपळाखाली आक्का उभी होती. शिव्या देईल वाटलं. ती एवढंच म्हणाली, ‘तुला तर वाचाया येतं ना रं?’

अर्नाळकरांच्या फाटक्या पुस्तकात आम्ही खुनी शोधायचो. ह्या गोष्टीत शोधलात तर तुम्हाला एक हवालदार सापडेल, एक बागायतदाराचा पोरगा सापडेल, आणि तीन पानांवर लफ्फेदार ‘र’वाली सही सापडेल. ती पुसता येत नाही.

काल ती पोरगी मला म्हणाली, सर, मला अशी मालिका लिहायचीय. लिही ना बाई. जरूर लिही. बुलेटवर बसलेली बाई हवी तर घाल, मलाही आवडते. पण आधी ठाण्यात चार संध्याकाळी बस. कोणतं वाक्य बोलतात आणि कोणतं लिहितात ते बघ. एन.सी. कधी लिहितात आणि एफ.आय.आर. कधी, पंच कुठून पकडून आणतात, जबाब वाचून दाखवला असं छापलेलं असतं तेव्हा खरंच कोण वाचून दाखवतं. अत्याचाराच्या गुन्ह्याचा तपास उपअधीक्षकाच्या खालच्या माणसानं करायचा नाही असा १९९५ पासून नियम आहे; तर प्रत्यक्ष रानात कोण जातो ते बघ. एवढं कळलं की तुझ्या मालिकेला खुनी लपवून ठेवायची गरजच पडणार नाही. पहिल्याच भागात नाव सांगून टाक.

आक्का आता नाही. तिच्या मुलीला विचारून मी त्या खटल्याच्या निकालाची आणि कागदांची नक्कल बरोबर आणलीय. नावं सगळी काळ्या शाईनं झाकलीत. माझी सही झाकलेली नाही. एकोणीस पानं आहेत. चहा घेऊन या आणि कडुनिंबाखाली गोल बसा, एकेकानं एकेक पान मोठ्यानं वाचायचं. पंचनामा पान सहापासून आहे. ते पान त्या काल बोलणाऱ्या पोरीला द्या.